दहा माणसांची मांडणी



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले की तो महागाईवर नाही तर बोनसवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. व्यवस्थापक मंडळींना मी विषय कळवला, तेव्हा त्यांनीही दोनदा विचारून घेतले, की भारताच्या फुटबॉल संघाची मांडणी हाच विषय ना? होय, हाच विषय. फुटबॉलची मांडणी म्हणजे कामाची वाटणी. कामाची वाटणी हा माझा रोजचा धंदा आहे. कोणी काय करायचे, एक माणूस अडला तर त्याच्या जागी कोणी धावायचे, आणि त्या धावणाऱ्याची जागा कोणी भरायची, याच्यावरच कारखान्याचे खाते चालते आणि संपही चालतो. फुटबॉलचा संघही त्याच्यावरच चालतो.

आपला हा कर्जत-खालापूरचा मुलूख कबड्डीचा. कशेळ्यात कबड्डीची मांडणी समजावून सांगण्याची गरज नाही. चढाई करणाऱ्याचा पाय कोपऱ्याच्या गड्याने धरला, पण शेजारची साखळी वेळेवर आली नाही, तर तो गडी मध्यरेषेपर्यंत ओढला जातो आणि स्वतः बाद होतो. चूक कोणाची? पाहणारे म्हणतात, कोपऱ्याची. जाणणारा म्हणतो, साखळीची. फुटबॉल पाहताना एवढी एक दृष्टी ठेवली, तर पुढचे सारे सोपे आहे.

आता थोडा हिशेब करू. आंतरराष्ट्रीय सामन्याचे मैदान साधारणपणे १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असते. आपल्या भाषेत ते सत्तर गुंठ्यांच्या थोडे वर, म्हणजे पावणेदोन एकर झाले. गोलकीपर सोडला तर तेवढी जमीन राखायला माणसे दहा. म्हणजे दर माणशी सात गुंठे. सात गुंठ्यांच्या खाचरात सुटलेले वासरूसुद्धा एकट्या माणसाला आवरत नाही, मग धावता चेंडू आणि त्याच्यामागे धावणारा शत्रुपक्षाचा गडी कसा आवरणार? तेव्हा सगळे मैदान कोणालाच राखता येत नाही. कुठली तरी जागा ओस सोडावीच लागते. ती कोणती सोडायची आणि तिथे संकट आले तर कोणी धावायचे, हे आधी ठरवून ठेवणे म्हणजे मांडणी. वर्तमानपत्रांत जे आकडे छापून येतात, ४-२-४ किंवा ४-४-२, ते या ठरावाचे नुसते मथळे असतात. खरा ठराव आकड्यांच्या आत असतो.

पूर्वी सर्वत्र एकच मांडणी होती. मागे दोन फुलबॅक, मधे तीन हाफबॅक आणि पुढे पाच फॉरवर्ड. त्या काळी ऑफसाइडचा नियम कडक होता. चेंडू पुढे दिला जात असताना पुढच्या गड्याच्या आणि गोलरेषेच्या मधे विरुद्ध पक्षाचे निदान तीन गडी असावे लागत. १९२५ साली ही संख्या दोनवर आणली गेली. एका माणसाचा फरक. पण तेवढ्याने मागचे दोन फुलबॅक उघडे पडले आणि गोलांचा पाऊस पडू लागला. तेव्हा इंग्लंडात आर्सेनल संघाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी मधला हाफबॅक मागे ओढला आणि त्याला तिसरा बॅक केले. मधे खड्डा पडला, म्हणून पुढचे दोन फॉरवर्ड थोडे मागे आणले. कागदावर काढले तर इंग्रजी डब्ल्यू आणि एम या अक्षरांसारखी आकृती दिसते, म्हणून तिला तेच नाव पडले. नियमातला एक शब्द बदलला आणि दहा माणसांचे काम बदलले. कायद्यातली एक ओळ बदलली की खात्यातल्या प्रत्येकाचा दिवस बदलतो, हे कारखान्यात राबलेल्या माणसाला सांगायला नको.

आपल्याकडे मात्र ही तिसऱ्या बॅकची गोष्ट उशिरा पोचली. आपला खेळाडू अनवाणी खेळत असे. चेंडूवर त्याची पकड अशी, की परदेशी लोक तोंडात बोट घालत. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये आपण फ्रान्सकडून १-२ असे हरलो, तेही दोन पेनल्टी वाया घालवून. लोकांनी वाहवा केली आणि आपण त्या वाहवेवर खूश झालो. १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत मेवालालच्या गोलावर इराणला १-० असे हरवून सुवर्णपदकही मिळवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढवले, आपला एक. त्या थंडीत अनवाणी पायांचे काय झाले असेल, ते निराळे सांगायला नको. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. परंतु दहा गोल नुसत्या बुटांअभावी झाले असे समजणे भाबडेपणाचे आहे. मागे दोनच बॅक होते आणि समोरून येणारा संघ त्या दोघांमधली वाट ओळखून होता.

त्या संघाचे शिक्षक होते सय्यद अब्दुल रहीम. आज सिनेमामुळे त्यांचे नाव पुष्कळांना माहीत झाले आहे. परंतु सिनेमात माणूस दिसतो, त्याचे काम फार थोडे दिसते. रहीमसाहेब हैदराबादचे, पेशाने शाळामास्तर. त्यांनी हैदराबाद शहर पोलिसांचा संघ हाती घेतला. हे पोलीस शिपाई मुंबईला रोव्हर्स चषकासाठी येत. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे त्यांनी तो चषक जिंकला. म्हणजे भारतीय संघाने पुढे जी पद्धत उचलली, तिची पाठशाळा मुंबईकरांनी कूपरेजच्या मैदानावर तिकीट काढून पाहिली होती.

रहीमसाहेबांनी काय केले? त्यांनी आधी माणसे पाहिली आणि मग मांडणी ठरवली. आपला खेळाडू उंचीने आणि वजनाने कमी. धक्काबुक्कीत तो हरणार. लांब उंच चेंडूवर डोके लावायला गेला तर हरणार. चेंडू पायात ठेवून एकेकाला चकवीत गेला, तर दोघांना चकवील, तिसरा त्याला आडवा पाडील. मग करायचे काय? चेंडू जमिनीवर ठेवायचा, आला की लगेच सोडायचा, आणि सोडल्यावर उभे न राहता मोकळ्या जागेत जायचे. ही सवय अंगी बाणावी म्हणून त्यांनी मुलांसाठी अशा स्पर्धा भरवल्या, की ज्यांत चकवण्याला बंदी. कच्च्या पायानेच चेंडू मारायचा, अशाही स्पर्धा घेतल्या. ज्या देशात प्रेक्षक चकवण्यासाठीच टाळ्या वाजवतात, तिथे चकवण्याला बंदी घालणारा शिक्षक केवढा धीराचा असला पाहिजे! आपल्या माणसांची ताकद आणि उणीव दोन्ही पाहून आखलेली अशी ती मांडणी होती.

या पद्धतीची कसोटी १९५६ साली मेलबर्नला लागली. हंगेरीचा संघ आलाच नाही, त्यामुळे आपण पुढच्या फेरीत गेलो. १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाशी गाठ पडली. मध्यंतराला २-२ अशी बरोबरी होती आणि शेवटी आपण ४-२ असे जिंकलो. त्यांतले तीन गोल एका गड्याचे, नेव्हिल डिसोझा याचे. चौथा किट्टूचा. नेव्हिल जन्माने गोव्याचा, आसगावचा. पण फुटबॉलपटू म्हणून तो मुंबईचा. तो टाटांच्या संघातून खेळे. आपल्या भिवपुरीच्या आणि खोपोलीच्या वीजघरांतली वीज जशी मुंबईच्या गिरण्यांत जाई, तसा त्याच टाटांच्या नावाचा सदरा घालणारा हा गडी मेलबर्नला जाऊन तीन गोल करून आला. त्या ऑलिंपिकमध्ये सर्वांत जास्त, म्हणजे चार गोल करणारे तिघे होते. त्यांत नेव्हिल एक.

चौथा गोल त्याने उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्ध केला. चार वर्षांपूर्वी दहा गोल चढवणाऱ्या देशाविरुद्ध पहिला गोल आपला! परंतु पुढच्या पंधरा मिनिटांत त्यांनी तीन गोल केले आणि सामना १-४ असा गेला. पाहणारे म्हणाले, दम संपला. ते खोटे नाही. आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धांत सामने नव्वद मिनिटांपेक्षा कमी वेळाचे असत. पण मी त्यात आणखी एक गोष्ट पाहतो. दम संपला की पाय आधी थांबत नाहीत, आधी मदत थांबते. माणूस आपले काम कसेबसे करतो, पण शेजाऱ्याच्या मदतीला धावत नाही. दुसऱ्या पाळीच्या शेवटच्या तासाला यंत्रावर अपघात का होतात, याचा विचार ज्यांनी केला आहे त्यांना हे पटेल. पुढे ब्राँझपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने आपल्याला ३-० असे हरवले. आपण चौथे आलो. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये भारताला त्याहून वरची जागा कधी मिळालेली नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी, १९५८ साली, ब्राझीलने ४-२-४ या मांडणीने विश्वचषक जिंकला आणि जगभर तिचा गाजावाजा झाला. मागे चार, मधे दोन, पुढे चार. रहीमसाहेबांनी ही मांडणी ब्राझीलच्या आधी खेळवली, असे आपल्याकडे अभिमानाने लिहिले जाते. आधी कोण आणि नंतर कोण या शर्यतीत मला रस नाही. हंगेरीने १९५३ साली इंग्लंडला वेंब्लीवर ६-३ असे हरवले, तेव्हाच आपला सेंटर फॉरवर्ड मागे खेळवून जुन्या मांडणीला सुरुंग लावला होता. विचार असे एकाच वेळी चार घरी शिजतात. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की ४-२-४ मधे सर्वांत जड काम त्या मधल्या दोघांचे असते. बचाव सुरू झाला की ते पाचवे-सहावे बॅक, चढाई सुरू झाली की पाचवे-सहावे फॉरवर्ड. त्यांच्या नावावर गोल नसतो. त्यांचे छायाचित्र छापून येत नाही.

१९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मधल्या फळीतला असा एक गडी होता फॉर्चुनाटो फ्रँको. तोही गोव्याचा, तोही मुंबईला टाटांकडून खेळलेला. पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरलो. मग थायलंडला ४-१ आणि जपानला २-० असे हरवले. दरम्यान जर्नेलसिंग या आपल्या भरवशाच्या बॅकच्या डोक्याला दुखापत होऊन टाके पडले. असा माणूस मागे ठेवला, तर उंच चेंडू डोक्याने परतवताना तो कच खाणार, आणि मागच्या माणसाची एक चूक म्हणजे गोल. रहीमसाहेबांनी काय करावे? त्यांनी त्याला सेंटर फॉरवर्ड म्हणून पुढे घातले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला आपण ३-२ असे हरवले. ४ सप्टेंबरच्या अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरियाच समोर होता. परिषदेतल्या राजकीय वादामुळे प्रेक्षक भारतावर संतापलेले होते आणि सारे मैदान आपल्याविरुद्ध ओरडत होते. सतराव्या मिनिटाला प्रदीपकुमार बॅनर्जीने गोल केला आणि विसाव्या मिनिटाला त्याच जर्नेलसिंगने. कोरियाने शेवटी एक फेडला, पण सामना २-१ असा आपला झाला.

हा डाव चतुर होता, असे म्हणून लोक थांबतात. परंतु बॅकला फॉरवर्ड करण्याची युक्ती कोणालाही सुचेल. ती साधण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक, जर्नेलसिंगला दुसऱ्याचे काम येत असले पाहिजे. दुसरी, त्याची सोडलेली जागा अरुण घोषसारख्यांनी कुरकुर न करता भरली पाहिजे. या दोन गोष्टी एका रात्रीत होत नाहीत. त्यांच्यामागे अनेक वर्षांची एकत्र मेहनत होती. पुढे वर्षही सरले नाही आणि ११ जून १९६३ रोजी रहीमसाहेब कर्करोगाने वारले.

आता मी माझ्या मुद्द्याकडे येतो. ही मेहनत करणारी माणसे होती कोण? प्रदीपकुमार बॅनर्जी पूर्व रेल्वेत, थंगराज लष्करात, हैदराबादचे कितीतरी गडी पोलिसांत, नेव्हिल आणि फ्रँको टाटांच्या संघातले. बहुतेक नोकरदार माणसे. सकाळी किंवा संध्याकाळी सराव, महिनाअखेर पगार, आणि पाय मोडला तरी उद्या चूल पेटेल याची थोडीबहुत खात्री. मुंबईत टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे, मफतलालसारख्या गिरण्या, असे कितीतरी संघ होते. मालकांनी ते परोपकारासाठी काढले असे मी म्हणणार नाही. संघ जिंकला की कंपनीची जाहिरात फुकट होई. पण हेतू काहीही असो, खेळाडूला पायाखाली जमीन मिळाली. १९५४ साली मुंबईने आणि १९६३-६४ च्या मोसमात महाराष्ट्राने संतोष चषक जिंकला, तो याच जमिनीवर.

ती जमीन हळूहळू गेली. गिरण्यांची काय गत झाली ते आपण जाणता. रोव्हर्स चषक या शतकाच्या आरंभी बंद पडला. २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड संघ २०१० साली बरखास्त झाला. २०१४ साली नवी लीग आली. दिवे आले, दूरदर्शन आले, मोठ्या रकमाही आल्या. त्याबद्दल माझी तक्रार नाही. खेळाडूला चांगला पैसा मिळाला तर कामगार चळवळीतल्या माणसाला आनंदच आहे. परंतु २०२५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये लीगचा पुढचा करार ठरेना, तेव्हा काही क्लबांनी खेळाडूंचे आणि नोकरांचे पगारच थांबवले. ज्या महिन्यात सराव सुरू व्हायचा, त्या महिन्यात खेळाडू घरी बसून होते.

आणि याच काळात आपण राष्ट्रीय संघाच्या मांडणीवर वाद घालत होतो! जानेवारी २०१९ मध्ये कॉन्स्टंटाइन यांच्या संघाने आशियाई चषकात थायलंडला ४-१ असे हरवले. मागे दाट उभे राहायचे आणि झटकन पुढे चेंडू फेकायचा, अशी ती रीत. पुढचे दोन सामने हरल्यावर ते गेले. मग श्टिमाच आले. त्यांनी मागूनच पास देत खेळ उभारायला शिकवले. २०२३ साली दक्षिण आशियाई स्पर्धाही जिंकली. पण २०२४ च्या जानेवारीत आशियाई चषकाचे तिन्ही सामने हरलो आणि एकही गोल झाला नाही. मग मार्केझ आले, एका वर्षात गेले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये खालिद जमील यांची नेमणूक झाली. हे गृहस्थ मुंबईच्या मैदानांवर खेळलेले आणि मुंबई एफसीला वर्षानुवर्षे शिकवलेले. नव्या नेमणुकीनंतर त्यांच्या संघाने मध्य आशियाई स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरा क्रमांक मिळवला. ऑक्टोबरमध्ये सिंगापूरकडून १-२ हरलो आणि २०२७ च्या आशियाई चषकाची वाट बंद झाली.

सहा-सात वर्षांत चार शिक्षक आणि चार रिती. प्रत्येक रीत आपापल्या जागी शहाणपणाची असेल. परंतु लावणी झालेले खाचर दर आठवड्याला उपटून नव्याने लावले, तर पीक कुठून यायचे? रहीमसाहेबांना राष्ट्रीय संघासाठी जवळजवळ तेरा वर्षे मिळाली. हेलसिंकीच्या दहा गोलांनंतर त्यांना घरी पाठवले असते, तर मेलबर्न आणि जाकार्ता झाले असते काय?

सुरुवातीला मी म्हटले, की प्रत्येक मांडणीत कुठली तरी जागा ओस सोडावी लागते आणि तिथे कोण धावेल ते ठरवावे लागते. आपल्या देशाच्या फुटबॉलमध्ये ओस पडलेली जागा म्हणजे खुद्द खेळाडू आहे. त्याचा पगार थांबला तर कोण धावणार, त्याचा गुडघा गेला तर कोण धावणार, हे आपण ठरवलेले नाही. बायचुंग भुतिया आणि इतरांनी २००६ साली खेळाडूंची संघटना काढली, हे फार चांगले झाले. पण संघटनेला बळ येते ते सभासदांच्या एकजुटीने. स्टार म्हणून मिरवणारा गडी आणि बाकावर बसणारा गडी एकाच करारासाठी उभे राहिले, तरच साखळी होते. नाहीतर एकेकटा कोपरा ओढला जाणारच.

आणि आपण कशेळ्याच्या लोकांनी काय करायचे? भात कापून झाले की आपली खाचरे मोकळी होतात. बांध टाळून मुले खेळतात. आपल्या आश्रमशाळांतली ठाकर-कातकऱ्यांची मुले-मुली डोंगर चढून काटक झालेली आहेत. कोल्हापूरला पेठापेठांनी आणि तालमींनी फुटबॉल जिवंत ठेवला, म्हणून तिथला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतासाठी उतरला. आपण एक चेंडू आणावा आणि रहीमसाहेबांचे दोन नियम लावावेत. आठवड्यातून एक दिवस चकवायला बंदी. एक दिवस कच्च्या पायाने खेळ. मी त्यात तिसरा नियम घालीन. दर महिन्याला प्रत्येकाने जागा बदलायची. गोल करणाऱ्याने एकदा बॅक व्हायचे, बॅकने एकदा गोल राखायचा. दुसऱ्याचे काम करून पाहिले की त्याच्या मदतीला केव्हा धावायचे ते आपोआप कळते.

यातून भारताचा खेळाडू निघेल की नाही, ते मी सांगत नाही. परंतु शेजारचा माणूस अडला की आपण आपली जागा सोडून धावायचे, आणि आपण धावलो तर आपली जागा कोणीतरी भरील असा भरवसा ठेवायचा, एवढे ज्या मुलांना दहाव्या-बाराव्या वर्षी अंगवळणी पडेल, ती मुले उद्या शेतात, कारखान्यात किंवा ग्रामसभेत कुठेही उभी राहिली तरी त्यांची फळी सहजासहजी फुटणार नाही.